नदी चढणारी बोट आणि खुंट्याची दोरी

मी वारूळवाडीची, तुमच्यासारखीच बचत गटातली. मागं गटाच्या बैठकीत मी सांगितलं, की इंग्लंडात मी बोटीतनं नदी चढून गेले. तर एकजण पटकन म्हणाली, "नदी काय शिवनेरी आहे का चढायला?" सगळ्या हसल्या. पण तिचा प्रश्न बरोबरच होता. आज त्याचं उत्तर देते. आणि त्यातनं आपल्या कालव्याचीही एक गोष्ट निघाली, तीही सांगते.

लेकीच्या बाळंतपणाला मी तिकडं गेले होते. गाव रेडिंग, लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठावर. अडीच महिने तेल लावणं, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, दुसरं काही नाही. बाळ जरा बाळसं धरायला लागलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू एक दिवस बाहेर पड गं." जावईबापूंच्या ऑफिसातल्या एका मित्राची मोटरची यॉट होती. तो सुट्टीच्या दिवशी नदीनं वर जाणार होता. लेक बाळाला घेऊन घरी राहिली, आणि मी डब्यात थालीपीठं बांधून जावईबापूंबरोबर निघाले. सासू-जावई दिवसभर एका बोटीत! पहिला अर्धा तास आम्ही दोघंही नुसते पाण्याकडं बघत बसलो.

यॉट म्हटल्यावर मला सिनेमातली पांढरी शुभ्र, मोठी काहीतरी वाटली होती. ही आपल्या पिकअपपेक्षा थोडी लांब. आत दोन बाकडी, रात्री त्यांचीच झोपायची जागा होते. दोन बर्नरचा गॅस, एवढंसं बेसिन. केनेट नावाची नदी थेम्सला मिळते, तिथून जवळच आम्ही बसलो. वेग म्हणाल तर ताशी 8 किलोमीटर, त्याच्या वर जायचं नाही असा नियमच आहे. जोरात गेलं की लाटेनं काठ ढासळतात, बांधलेल्या बोटी आपटतात. काठावरनं चालणारी एखादी झपाट्याची बाई आमच्या बरोबरीनं येत होती.

थोडं पुढं गेलो आणि समोर बंधारा. आपल्या मीना नदीवर के.टी. बंधारे आहेत ना, तसंच समजा. वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं, खालच्या अंगाला चार-पाच फूट खोल. थेम्स अशीच आहे, एकामागं एक बंधाऱ्यांनी अडवलेली, म्हणून तिच्यात बारा महिने बोट चालण्याइतकं पाणी असतं. पण मग बोट बंधारा ओलांडणार कशी? त्यासाठी बंधाऱ्याच्या बाजूला एक लांबट हौद बांधलेला असतो. दोन्ही टोकांना दारं. त्याला लॉक म्हणतात, पुस्तकात जलपाश असा शब्द आहे. समुद्राची भरती-ओहोटी जिथं थांबते त्या टेडिंग्टनपासून वर लेचलेडपर्यंत थेम्सवर असे 44 लॉक आहेत.

आमचा पहिला लॉक कॅव्हरशॅमचा. खालचं दार उघडं होतं. आम्ही आत शिरलो, इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना ओल्या, उंच भिंती, विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं वाटलं. मागचं दार मिटलं. मला वाटलं, आता पंप सुरू होणार. आपल्याकडं पाणी वर चढवायचं म्हणजे मोटर, स्टार्टर आणि रात्री-अपरात्रीची लाईट. पण पंप नव्हताच! वरच्या दाराकडच्या झडपा हळूहळू उघडल्या आणि वरच्या नदीचं पाणी आपोआप हौदात यायला लागलं. पाणी चढलं तशी बोट चढली. भिंती खाली गेल्या, आधी गवत दिसलं, मग फुलांचे वाफे, मग लॉक सांभाळणाऱ्या माणसाचे बूट. हौदातलं पाणी आणि वरची नदी एकसारखी झाली, तेव्हा वरचं दार उघडलं. आम्ही एक पायरी चढलो होतो.

त्या दाराची गंमत सांगते. दोन फळ्या समोरासमोर मिटतात, पण सरळ रेषेत नाही. घराच्या आढ्यासारख्या कोनात, टोक वरच्या पाण्याकडं. त्यामुळं वरचं पाणी जितकं दाबतं तितकं दार घट्ट बसतं. दोन्हीकडचं पाणी समान होईपर्यंत कुणी कितीही जोर लावला तरी ते उघडायचं नाही. आणि झडपा हळूच उघडायच्या. एकदम उघडल्या तर हौदात खळबळ होते, बोट भिंतीवर आदळते. बारं देताना पाटाचं पाणी वाफ्यात एकदम सोडलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा लॉक मॅपलडरॅमचा, सहा-सात फुटांचा. तिथं जवळच नदीच्या पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे, अजून दळण करते म्हणे. मला ती आत जाऊन बघायची होती, पण वेळ नव्हता. ती रुखरुख राहिली.

हे सगळं परदेशातच आहे असं मात्र समजू नका. मुंबईच्या इंदिरा डॉकला असंच दार आहे. 1914 साली ते डॉक सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव अलेक्झांड्रा डॉक होतं. ओहोटी लागली तरी आतलं पाणी उतरू नये, जहाजं तरंगती राहावीत, म्हणून ती सोय. आणि आपल्या मीनेचं पाणी कुठं जातं? घोडनदीत, घोडनदी भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा विजयवाड्यावरनं समुद्राला. त्या विजयवाड्याच्या अंगाला इंग्रजांच्या काळात काढलेल्या कालव्यांवर बोटींसाठी लॉक बांधले होते. तांदूळ, मीठ, सरपण बोटींतून जायचं. पुढं बकिंगहॅम कालव्यानं थेट मद्रासपर्यंत. त्या कालव्याचा मद्रास शहरातला तुकडा 1876-78 च्या दुष्काळात, दुष्काळी कामावर खोदला गेला. 1972 ला आपल्या सासवांनी ज्या पाट्या उचलल्या, तसल्याच पाट्या.

आता माझ्या फजितीचं. येताना आम्ही लॉक उतरत होतो. मागची दोरी माझ्याकडं होती. काठावरच्या खुंट्याला वेढा घालायचा, टोक हातात धरायचं आणि बोट खाली जाईल तशी दोरी सोडत राहायची, असं मला दोनदा सांगितलं होतं. पण आपला हात गोठ्यातला. म्हैस बांधताना मारतो तशी मी गाठ मारली आणि आत चहा ठेवायला गेले! पाणी उतरलं, बोट उतरेना. मागची बाजू दोरीला लटकली, बोट कलली, डबा घरंगळला, थालीपीठं खाली. जावईबापू ओरडले. लॉकवरच्या माणसानं ताबडतोब झडपा बंद केल्या आणि वरनं परत पाणी आत घेतलं. बोट पुन्हा उचलली गेली, दोरी सैल पडली, तेव्हा कुठं गाठ सुटली. तो माणूस रागावला नाही. मित्रानं एक सुरी दाखवली, दाराशीच अडकवलेली. गाठ सुटलीच नसती तर दोरी कापायला.

माझे हात थरथरत होते. मी भिंतीकडं बघत बसले, आणि तेव्हा मला दिसलं जे चढताना दिसलं नव्हतं. भिंतीत पाण्यापर्यंत उतरणारी लोखंडी शिडी होती. वर काठावर केशरी रंगाचं तरंगणारं कडं टांगलेलं होतं. पाण्यात पडणारं माणूस पडणारच, हे धरूनच सगळं बांधलेलं.

बायांनो, आपल्याकडं धरणं कमी नाहीत. वडज, येडगाव, माणिकडोह, डिंभे. कालवे आहेत, म्हणून टोमॅटो आहे, ऊस आहे, द्राक्षं आहेत. पण आवर्तन सुटलं की धुणं घेऊन आपण ज्या काठाला बसतो तिथं काय असतं? उतरतं काँक्रीटचं अस्तर, त्यावर शेवाळ, आणि हाताला धरायला काही नाही. वरून पाणी शांत दिसतं, आत ओढ असते. माझी एक चुलत जाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी अशीच गेली. गोधडी हातातून सुटली, ती धरायला वाकली. आम्ही लुगडं फेकलं, ते पोचलं नाही. ओली गोधडी किती जड होते तुम्हाला ठाऊक आहे. तिनं ती शेवटपर्यंत सोडली नसावी, असं मला अजून वाटतं.

परत आल्यावर मी गटात विषय काढला. आम्ही साठ फूट नायलॉनची दोरी घेतली. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट. आत कपभर पाणी ठेवलं, कारण अगदी रिकामा डबा वाऱ्यानं भरकटतो, लांब जात नाही. दोरीचं एक टोक डब्याच्या मुठीला, दुसरं काठावरच्या बाभळीला. कालव्याच्या अस्तराला हात लावला नाही, ते पाटबंधारे खात्याचं आहे. शिडीसाठी ग्रामसभेत अर्ज दिलाय. बाई पडली तर कुणी उडी मारायची नाही, डबा तिच्या पुढं, वाहत्या दिशेला फेकायचा, आणि काठानं चालत चालत तिला ओढायचं. रविवारी पाणी नसलेल्या चारीत आम्ही फेकायचा सराव केला. सगळ्यांत लांब फेकला तो एका सातवीतल्या मुलीनं. माझा डबा पाच हातांवर पडला.

आणखी एक ठरलं. हातातून सुटलेल्या कपड्यामागं जायचं नाही. मागच्या आवर्तनात एका सुनेची नवी गोधडी गेली वाहून. ती काठावर उभी राहून बघत राहिली. सासू दोन दिवस बोलली, तिसऱ्या दिवशी गप्प बसली.