धोट्याचे माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा प्रत्येकीने जगातल्या एका शहराविषयी बोलावे असे ठरले आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला मँचेस्टर आले. कुणाला पॅरिस, कुणाला क्योटो. मी मनात म्हटले, आपल्या नशिबी गिरणीच! माझे शिक्षण सातवीपर्यंत. मुलीने इंग्रजीतले वाचून सांगितले, ते मी वहीत उतरून घेतले. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात काम गेले ते गेलेच, आणि पुढे माझी शाळा सुटली तीही त्याच ओढाताणीत. त्यामुळे गिरणी म्हटले की पोटात कालवते. पण या शहराचे वाचू लागले आणि सोडवेना.

रोमन लोकांनी तिथे किल्ला बांधला होता. ते राहू द्या, खरी गोष्ट पुढचीच आहे. हवा दमट, म्हणून सूत तुटत नाही. १७६१ साली ब्रिजवॉटरचा कालवा झाला, खाणीतला कोळसा होडीने थेट शहरात येऊ लागला आणि त्याचा भाव निम्म्यावर आला. जवळच्या बरी गावच्या जॉन के याने १७३३ सालीच धावता धोटा काढला होता. मग वाफेची यंत्रे आली, १८३० मध्ये लिव्हरपूलहून आगगाडी आली. तिथले ते जुने स्टेशन अजून उभे आहे.

पण कापूस कुठून येई? बहुतेक अमेरिकेतून, गुलामांनी वेचलेला. आणि कापड कुठे जाई? पुष्कळसे आपल्याकडे. आपल्या विणकरांच्या घरचे माग बंद पडले ते त्या कापडापायी. पुढे आपल्या गिरण्या निघाल्या, तर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहाखातर सरकारने १८९६ मध्ये आपल्याच कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. हे वाचून मला रागच आला. मुलगी म्हणाली, आई, पुढे तर ऐक.

पुढे ऐकले ते असे. मालक निराळे आणि साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाया निराळ्या. लहान मुले चालत्या यंत्राखाली शिरून कापूस झाडीत. नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेऊ नये असा कायदा झाला तो १८३३ मध्ये! बायका धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घेत. एकीचा धोटा दुसरीच्या तोंडी, त्यातून रोग पसरत.

१८१९ च्या ऑगस्टात सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर साठ हजार माणसे मताचा हक्क मागायला जमली. पुष्कळ बायका पांढरी वस्त्रे नेसून आल्या होत्या. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. अठरा जीव गेले असे मानतात. त्यांत आईच्या कडेवरून पडलेले दोन वर्षांचे एक मूल होते. मी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे काही ऐकले नाही.

आता आपल्या मुंबईचे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गबर झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले तसे पुष्कळांचे दिवाळेही वाजले. शाळेत आम्ही एवढेच शिकलो. त्याच चार वर्षांत लँकेशायरच्या चुली विझल्या होत्या हे कुणी सांगितले नाही. गिरण्या बंद, घरातले सामान गहाण. बायकांसाठी शिवणाचे वर्ग काढले, तिथे शिवायला यायचे आणि बसल्याचे थोडे पैसे घ्यायचे. आपल्या शिवणवर्गात फी मागितली की कुरकुर होते, ते आठवून मला हसू आले.

आणि अशा उपासमारीत मँचेस्टरच्या कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवून लिंकनना पत्र धाडले, की गुलामगिरी नष्ट करा, आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. लिंकननी जानेवारीत उत्तर दिले. शहरात त्यांचा पुतळा आहे. तिथले सगळेच असे होते असे नाही. पुष्कळांना गिरणी कशीही चालू व्हावी असेच वाटे. मला त्यांचाही राग येत नाही. आमच्या घरीही एका खोलीत दोन मते होती.

एमेलिन पँकहर्स्ट याच गावच्या. १९०३ मध्ये त्यांनी आपल्या घरी बायका जमवून मताधिकाराची संघटना काढली. बैठक आपल्यासारखीच, दिवाणखान्यातली. सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ मध्ये.

आता तिथे कापडाचा तो धंदा राहिला नाही. कापूसबाजार १९६८ मध्ये बंद झाला; त्या जागी नाटकगृह आहे, पण शेवटच्या दिवशीचे भाव लिहिलेला फलक वर तसाच ठेवला आहे. अँकोट्समधल्या जुन्या गिरण्यांत आता लोक राहतात. आपल्याकडे चिमण्याही फार उरल्या नाहीत.

एक सांगायचे राहिले. साच्यांच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून त्या बायका ओठांच्या हालचालीवरून बोलत. वडिलांचे कान गिरणीनेच गेले. आम्हीही त्यांच्याशी तसेच बोलतो. त्यांच्या समोर बसून, तोंड मोठे करून, मी हे सगळे त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, "एकेकीकडे साचे किती?" मी चार बोटे दाखवली. म्हणाले, "चार? मग बोलायला सवड कधी मिळायची त्यांना?"