बगळा गेला, कागद उरला

आज सांगलीतल्या एका बगळ्यापासून सुरुवात करतो.

हिवाळ्यातली सकाळ, साडेनऊ वाजलेले. आयर्विन पुलाच्या, म्हणजे आपल्या १९२९ सालच्या जुन्या पुलाच्या सावलीत कृष्णेचं पाणी काळंभोर दिसत होतं आणि त्याच्या पुढं, उन्हात, एक बगळा उभा. मी धडाधड चाळीस फोटो काढले. घरी येऊन बघतो तर काय, पांढरा कागद बगळ्याच्या आकारात कापून चिकटवल्यासारखा! पिसं नाहीत, चेहरा नाही.

फोटो वाया गेले त्याचं वाईट वाटलंच, पण खरी अडचण पुढं होती. ई-बर्डवर नोंद करायची होती. हा मोठा बगळा की मध्यम? मोठ्या बगळ्याच्या तोंडाची चीर डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. ती बारीक रेघ माझ्या चाळीसपैकी एकाही फोटोत नव्हती.

कॅमेऱ्याला बगळा कळत नाही. चौकटीत काळोख जास्त दिसला, की तो सगळंच उजळून मधल्या करड्या रंगावर आणायला बघतो. पाणी उजळतं, आणि आधीच पांढरा असलेला पक्षी जळतो. जेपेगमध्ये उजेडाची मोजणी ० ते २५५. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ ला टेकले की तिथं माहितीच उरत नाही. मग एडिटिंगमध्ये हायलाइटचा स्लायडर कितीही खाली ओढा, पांढऱ्याचा करडा होतो, पीस काही परत येत नाही. रॉ फाइल असेल तर थोडंफार हाती लागतं, पण त्या भरवशावर राहू नका राव.

म्हणून काळ्या पाण्यापुढं पांढरा पक्षी असला तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करून एक फोटो काढायचा, स्क्रीनवर बघायचा. हायलाइट अलर्ट चालू असेल तर जळालेली जागा उघडझाप करते. पाठीवर उघडझाप दिसली की अजून खाली. मोबाइलवर तर सोपं आहे: पक्ष्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पाणी काळं पडलं तरी पडू दे, सावली नंतर उजळता येते.

हे शिकून मी खटाव तालुक्यात येरळवाडीच्या तलावावर गेलो. (हीच येरळा पुढं ब्राह्मणाळला कृष्णेला मिळते.) उणे १ तसंच ठेवलं आणि पुन्हा फसलो! तिथं पाण्यात सगळं आभाळ चमकत होतं. कॅमेऱ्यानं आधीच उजेड कमी केला होता, वरून माझा उणे १. बगळे मळकट आले. पण झूम केलं तर पीस न् पीस शाबूत, उजळल्यावर चिरेची रेघही दिसली. ते मोठे बगळे होते.

सांगलीच्या बगळ्याची नोंद मात्र आजही ‘पांढरा बगळा, प्रजाती अनिश्चित’ अशीच आहे.