सुरुवात मधूनच

आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. का, तर आमच्या सोसायटीचे सगळे अर्ज मीच लिहितो!

जाड कागद आणले, नवं पेन आणलं आणि पहिलं वाक्य लिहिलं : 'आमच्या आईचा जन्म एका गरीब पण सुसंस्कृत कुटुंबात झाला.' वाचलं आणि खोडलं. ही कुणाचीही आई असू शकली असती. दुसरं वाक्य सुचेना, म्हणून टेबल आवरलं. दुसऱ्या दिवशी पंख्याची पाती पुसली. असे दोन महिने गेले. घर मात्र लखलखीत झालं!

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आईचं लहानपण पाहिलेली एकटी मिरजेची मावशीच उरली होती, आणि फोनवर ती आता एकच गोष्ट दोनदा सांगू लागली होती.

त्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घेतली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक, १९१९ मध्ये वारले. पुढे मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं; त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून झालेल्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये आला. हे सारं मला ठाऊक होतं. पण त्या रात्री जाणवलं, की बाई आत्मचरित्र लिहायला बसल्याच नव्हत्या. लेकानं विचारलं, ते त्या सांगत होत्या. आणि मी? मी कुणाशीच बोलत नव्हतो.

जाड कागद बाजूला सारले. मुलाच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि मावशीला पत्र लिहायला घेतलं. 'शि. सा. न. वि. वि. आई पिठाच्या पितळी डब्यात पैसे लपवायची, हे तुला माहीत होतं का? एकदा त्या पिठाबरोबर दहाची नोटही मळली गेली...' चार पानं झाली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. जन्मसाल, गाव, माहेरचं आडनाव यातलं काहीच त्यात आलं नव्हतं. ते नंतर तिसऱ्या पानावर सहज बसलं. पत्राचा मायना तेवढा कापला, की पुस्तिकेची सुरुवात तयार!

पुढे एक सवय लावून घेतली. रात्री उठताना वाक्य अर्धंच सोडायचं. सकाळी ते पुरं करायच्या निमित्तानं पेन हातात येतं, आणि पंख्याकडे लक्ष जात नाही.

मूळ पत्र मात्र मी मावशीला पाठवलं. आठवड्यानं तिचा फोन आला. म्हणाली, "सगळं खरं लिहिलंस रे, पण डबा पितळी नव्हता. पत्र्याचा होता. पितळी माझ्याकडे होता. थांब, त्याची गोष्ट सांगते."

मी पेन शोधायला धावलो.