शेजाऱ्याच्या घराची किंमत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गरिबांसाठी किंवा कनिष्ठ मध्यमवर्गासाठी मोठ्या संख्येने घरे बांधण्याची योजना निघाली की शेजारच्या वस्तीतून पहिला आक्षेप ठरलेला असतो : 'आमच्या घरांचे भाव पडतील.' आयुष्यभराची पुंजी घालून ज्याने दोन खोल्या घेतल्या, त्याला अशी काळजी वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा त्याची टवाळी न करता, हा आक्षेप वस्तुस्थितीला कितपत धरून आहे हे आपण तपासले पाहिजे. त्यासाठी मी अमेरिकेतील लेव्हिटाउनचे उदाहरण घेतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी सैनिक परतले, पण त्यांना राहायला घरे नव्हती. न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत विल्यम लेव्हिट यांच्या कंपनीने १९४७ साली कारखान्याच्या पद्धतीने घरे उभारण्यास प्रारंभ केला. कारखान्यात वस्तू सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. येथे घर जागेवर होते आणि कामगारांच्या तुकड्या एका घराकडून दुसऱ्याकडे सरकत होत्या. १९५१ पर्यंत अशी १७,४४७ घरे झाली. १९४९ मध्ये एका घराची किंमत होती ७,९९० डॉलर. कर्जाला सरकारची हमी असल्यामुळे साध्या नोकरदारालाही ती परवडत असे.

ही घरे तळघराशिवाय, थेट काँक्रीटच्या थरावर बांधायची होती आणि स्थानिक नियमांत ते बसत नव्हते. बिऱ्हाडाला वणवणणाऱ्या माजी सैनिकांनी सुनावणीला गर्दी केली, तेव्हा नियम बदलला. एकाच साच्यातील ही घरे म्हणजे उद्याची गलिच्छ वस्ती, असे भाकीत अनेकांनी केले. ते खोटे ठरले. आज त्याच घरांना काही लाख डॉलर मोजावे लागतात. एकसारखी आणि स्वस्त घरे एकत्र बांधल्यामुळे परिसराची किंमत बुडतेच, हा सिद्धान्त तेथे टिकला नाही.

परंतु या कथेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. लेव्हिटच्या प्रारंभीच्या करारांत असे कलम होते की, घरकामाचे नोकर वगळता, गौरेतर माणसाला त्या घरात राहू देऊ नये. सरकारी गृहकर्ज-हमीच्या मार्गदर्शिकेतही भिन्न वंशांचे लोक शेजारी आले की किंमत घसरते, असे गृहीत धरलेले होते. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउनमध्ये मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, तेव्हा घराबाहेर जमाव जमला, दगडफेक झाली. एका शेजाऱ्याचे उद्गार पुढे गाजले. माणूस बहुधा चांगला असेल, पण त्याच्याकडे पाहिले की आपल्या घराची किंमत दोन हजार डॉलरनी उतरलेली दिसते, असे तो म्हणाला. द्वेषाला हिशेबाची भाषा मिळाली की तो सभ्य दिसू लागतो, तो असा.

हा हिशेब तरी खरा होता काय? लुइजी लॉरेंटी यांनी सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फिया येथील व्यवहार तपासून १९६० साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार मिश्र झालेल्या बहुतेक वस्त्यांत भाव स्थिर राहिले किंवा वाढले. जेथे पडले तेथे अनेकदा दलालांनी भीती पसरवली होती. 'ते येत आहेत' अशी आवई उठवायची, घाबरलेल्या गोऱ्यांची घरे स्वस्तात घ्यायची आणि कृष्णवर्णीयांना चढ्या दराने विकायची, हा त्यांचा धंदा होता. भाव शेजाऱ्यामुळे पडत नव्हता. पळापळीमुळे पडत होता, आणि पळापळीचा नफा तिसराच नेत होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पाणी, शाळा, दवाखाना, वाहतूक यांची सोय न करता माळरानावर हजारो खोल्या रचल्या आणि देखभाल वाऱ्यावर सोडली, तर तो परिसर उतरणीस लागतो. पण तो दोष बांधणाऱ्या शासनाचा आहे. राहणाऱ्याच्या माथी तो मारता येणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वेशात येतो. मुंबईत १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एकाच भूखंडावर दोन प्रकारच्या इमारती उठतात. विक्रीच्या सदनिकांच्या भावातून पुनर्वसनाच्या खोल्यांचा खर्च निघतो. परिणाम असा की विक्रीच्या इमारतीला मोकळी हवा मिळते आणि पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून, काळोखात उभ्या राहतात. येथे गरिबाचे घर शेजाऱ्याच्या घराची किंमत ठरवीत नाही. शेजाऱ्याच्या घराची किंमतच गरिबाच्या वाट्याचा उजेड ठरवते. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते राखण्याचा सहकारी संस्थेचा अधिकार मान्य केला. ज्या सहकाराकडून आपण बंधुभावाची अपेक्षा केली, त्याच्याच दारावर अशी पाटी लागू शकते.

मित्रहो, उद्या तुमच्या गावात असा आक्षेप निघेल, तेव्हा आक्षेपकाला शत्रू मानू नका. त्याच्या ओट्यावर बसा आणि विचारा : रस्ता, नळ, रेल्वे आली तेव्हा तुमच्या घराचा भाव चढला, तो कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या करातून? समाजाने वाढविलेल्या किमतीच्या नावाने समाजातल्याच माणसाला दार बंद करता येत नाही. त्याचबरोबर शासनाकडे आग्रह धरा की, नव्या वस्तीआधी नळ आणि शाळा पोहोचली पाहिजे. ही दोन्ही कामे एकत्र केली, तरच जुन्या व नव्या वस्तीतली माणसे एका मोर्चात चालतील.