शेजारच्या सीटवरून

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला फोन करून विचारलं, ‘तुम्ही कशावर बोलणार?’ मी राज्य सरकारच्या नोकरीत, रस्त्यांच्या कामावर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून वीस वर्षं डांबर आणि खडीत गेली. त्यामुळे मी खड्ड्यांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, ‘मोटारींच्या शर्यतींचे व्हिडिओ गेम.’ फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘बरं, पण लहान मुलं बिघडतील असं काही नको.’ मुलं बिघडतात की नाही याचाच हिशोब आज मांडणार आहे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या घरातला एक हिशोबही येणार आहे.

आधी थोडा इतिहास, पटकन. १९७४ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ नावाचं यंत्र आणलं. त्याला खरं स्टिअरिंग होतं, पायाशी पेडल होती, गिअरही होता. १९७६ च्या ‘नाइट ड्रायव्हर’मध्ये सगळा पडदा काळा आणि दोन्ही बाजूंना पांढरे खांब पळत येणारे, बस्स. रस्ता काढलेलाच नव्हता, पण खांबांवरून तो दिसायचा. आम्ही रात्री रस्त्याच्या कडेला जे रिफ्लेक्टर लावतो, त्यांचं काम अगदी हेच. १९८२ मध्ये जपानच्या नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ आला. त्यात जपानचा खराखुरा फुजी ट्रॅक होता, आणि आधी पात्रता फेरी वेळेत पूर्ण करावी लागे, मगच शर्यतीत जागा.

१९८६ साली सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी ‘आउट रन’ केला. हा माझा फार लाडका. मी तो पुष्कळ वर्षांनी कॉम्प्युटरवर खेळलो. उघड्या टपाची लाल गाडी, समुद्रकिनारा, सुरुवातीला रेडिओवर आपल्या पसंतीचं संगीत निवडायचं आणि निघायचं. दर टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे जा नाहीतर उजवीकडे. पाच टप्प्यांत प्रवास संपतो आणि शेवट पाच वेगवेगळे. स्पर्धा फक्त घड्याळाशी. आणि एक लक्षात ठेवा, त्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी एक सोनेरी केसांची मुलगी बसलेली असते. शेजारच्या सीटची गोष्ट पुढे येणार आहे.

आता आपल्या घरात येऊ. १९९०-९१ च्या सुमारास आमच्या वाड्यात चुलतभावाकडे ‘टीव्ही गेम’ आला. माझ्या वयाच्या मंडळींना ती कार्ट्रिज आठवत असतील. वर लिहिलेलं ‘९९९ इन वन’, आणि आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून. त्यात कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ होता. वरून दिसणारा रस्ता, आपली गाडी, पुढे आडव्या येणाऱ्या गाड्या आणि सारखं कमी होणारं पेट्रोल. एका विशिष्ट रंगीत गाडीला गाठलं की पेट्रोल मिळायचं. दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की आपली घसरायची, आणि ताबडतोब उलट्या बाजूला वळवली तरच सावरायची.

गेम एकट्याने खेळायचा, पण एकट्याने तो कधी खेळलाच गेला नाही. दादा खेळत असला की मी शेजारी ओरडायचो, ‘डावीकडे, डावीकडे, ट्रक!’ आई तिथेच खाली बसून भाजी निवडायची. तिला गेममधलं काही कळत नव्हतं, पण पेट्रोलचा आकडा कळत होता. संसार चालवणारी बाई ती. ‘अरे, आधी पेट्रोल घे, मग पुढे पळ,’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे.

पुढे पॉलिटेक्निकला असताना मित्राच्या घरी कॉम्प्युटर. तिथे दोन गेमनी आमच्या पिढीला वेड लावलं. एक ‘रोड रॅश’. पहिला १९९१ चा, पण आपल्याकडे घरोघर पोचला तो १९९६ चा कॉम्प्युटरवरचा. मोटरसायकलवरून शर्यत, आणि जाता जाता शेजारच्याला लाथ, सोटा, साखळी. मागून पोलीस. खोटं कशाला बोलू, खेळून बाहेर पडलो की लूनावर बसूनही पाय शिवशिवायचा.

दुसरा ‘नीड फॉर स्पीड टू’, १९९७ चा. पडदा मधोमध कापून दोघांना खेळता यायचं, एकाच कीबोर्डवर. एकाचा हात बाणांवर, दुसऱ्याचा अक्षरांवर, आणि कोपर एकमेकांच्या बरगडीत. हरायला लागलं की कोपराने दाबायचं ही आमची खास चाल. त्यात नेपाळमधला एक डोंगराळ ट्रॅक होता. तो निवडायचा की नाही यावरून झालेली भांडणं आजही निघतात.

याच जातीचा, पण स्वभावाने गोड गेम म्हणजे निन्टेंडोचा ‘मारिओ कार्ट’, १९९२ पासूनचा. त्यात मागे पडलेल्याला चांगली हत्यारं मिळतात. म्हणून सात वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा एका शर्यतीत बसू शकतात, आणि आजोबा पहिले येतील याची खात्री शेवटच्या वळणापर्यंत नसते. आजी-आजोबांनी एकच गेम शिकायचा असेल तर हा शिकावा.

नोकरी लागल्यावर काही पगार साठवून मी प्लेस्टेशन टू घेतला आणि ‘ग्रॅन टुरिस्मो फोर’. काझुनोरी यामाउची यांची ही मालिका १९९७ साली सुरू झाली. चौथ्या भागात सातशेहून जास्त गाड्या. पण गाड्या राहू द्या. या गेममध्ये शर्यतीत उतरायच्या आधी लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागतात! सरळ पट्टीवर वेग घ्या आणि आखलेल्या जागेतच गाडी थांबवा. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. बाहेरून आत या, आतून बाहेर पडा. रात्री अकराला परीक्षा देताना मला कॉलेजची पुस्तकं आठवायची. सपाट प्रदेशात वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलायची ती जास्तीत जास्त सात टक्के, घाटात दहा. हे मी पाठ केलं होतं, पण त्या उताराची गाडीला मदत कशी होते ते मला त्या पडद्यावर दिसलं.

आणखी एक आकडा सांगतो. रस्ता आखताना आम्ही धरून चालतो की समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत ड्रायव्हरचे अडीच सेकंद जातात. ताशी ८० च्या वेगाला तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून त्या वेगाला समोरचा १२० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे, असा नियम आहे. हा आकडा मुलांना सांगा. मी माझ्या मुलाला सांगितला नव्हता. तिथेच चूक झाली.

मुलगा अकरावीत होता. त्याची पिढी वेगळी. आता गेम इंटरनेटवर. ‘फोर्झा होरायझन फाइव्ह’मध्ये सबंध मेक्सिको उघडं पडलेलं, ‘आयरेसिंग’मध्ये खरे ट्रॅक लेझरने मोजून इंचाइंचाने उतरवलेले. खेळणारे शेकडो, पण खोलीत हा एकटा. कानाला हेडफोन, दार बंद. मला वाटायचं, बरं आहे, घरातच आहे.

एका रात्री तो माझी मोटरसायकल न विचारता घेऊन बायपासवर गेला. लायसन्स नव्हतं. खडीवर गाडी घसरली. हेल्मेट होतं, म्हणून मनगटावर निभावलं. फोन आला तेव्हा मी ज्या वेगाने तिथे पोचलो, तो वेग मी इथे सांगणार नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल? सगळे कंट्रोलर, स्टिअरिंग, वायरी उचलून कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात. त्याला म्हणालो, ‘हे सगळं या खेळांमुळे झालं.’ तो काही बोलला नाही. पुढे दीड महिना प्लास्टर होतं, आणि दीड महिना तो माझ्याशी बोलला नाही. हवं-नको सगळं आईमार्फत.

एक दिवस माझी आई म्हणाली, ‘तूही खेळायचास. मी तुझा टीव्ही कपाटात ठेवला नव्हता.’ मी म्हणालो, ‘आई, तेव्हाचे गेम वेगळे होते.’ ती म्हणाली, ‘गेमचं मला कळत नाही. मी शेजारी बसायचे, एवढं आठवतं.’

मंडळी, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मला माझ्या सर्वांत आवडत्या गेमबद्दल सांगू द्या. १९९८ साली ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ आला. मॅक्रे हे १९९५ चे रॅलीचे जगज्जेते. रॅली म्हणजे गोल ट्रॅक नव्हे. जंगलातला, डोंगरातला खरा रस्ता, आणि गाडी एका वेळी एकच. ड्रायव्हरच्या शेजारी सहचालक बसतो. शर्यतीआधी दोघं तो रस्ता सावकाश पाहून येतात आणि प्रत्येक वळण वहीत लिहितात. शर्यतीत सहचालकाची नजर बहुतेक वेळ वहीवर असते. पुढचं वळण दिसायच्या आधी तो सांगतो, आणि त्याच्या शब्दावर ड्रायव्हर वेग ठरवतो. त्या गेममध्ये मॅक्रेंचे खरे सहचालक निकी ग्रिस्ट यांचाच आवाज होता.

प्लास्टर निघाल्यावर मी कपाट उघडलं. कॉम्प्युटरवर ‘डर्ट रॅली’ लावला, २०१५ चा, त्याच घराण्यातला. त्यातला सहचालकाचा आवाज बंद केला, पडद्यावरच्या खुणाही बंद केल्या. मुलाला म्हणालो, ‘तू चालव. मी शेजारी बसतो.’ ग्रीसचा डोंगराळ रस्ता निवडला, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. आधी सावकाश गेलो. साइटवर मोजमाप लिहितात तसे रकाने पाडून मी वहीत वळणं लिहिली. एक म्हणजे अगदी आवळ, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. सगळं मराठीत. माझ्या तोंडून घाईत दुसरी भाषा येतच नाही.

पहिल्याच फेरीत मी ओरडलो, ‘उजवं तीन, आवळतं!’ गाडी सरळ दरीत. मुलगा म्हणाला, ‘बाबा, उजवं म्हणजे राइट ना? और आवळतं मतलब?’

आपण इंदूरची माणसं. चार-पाच पिढ्या इथे झाल्या. घरात मराठी आहे असं आपण समजतो. पण ताशी ९० च्या वेगाला ‘उजवं’ या शब्दाचं भाषांतर करावं लागतं, तेव्हा कळतं की ती किती उरली आहे. गेमचं सोडा, सतरा वर्षांत मी त्याच्या शेजारी बसून किती बोललो, तेही त्या दरीत दिसलं.

मग रोज रात्री अर्धा तास. ‘डावं चार, लांबतं.’ ‘कड कापू नको, दगड आहे.’ ‘चढ, पुढचं दिसत नाही, धीर धर.’ पंधरा दिवसांत आम्ही तो रस्ता न आपटता पार केला. त्या रात्री त्याने आपणहून बायपासची गोष्ट काढली. म्हणाला, ‘बाबा, खडी दिसली होती. वाटलं, निघून जाईल.’ मी त्याला ५५ मीटरचा आकडा तेव्हा सांगितला. दीड वर्ष उशिरा असेल, पण त्याने ऐकून घेतला.

याच वर्षी ओंकारेश्वरला निघालो होतो. भेरूघाटात गाडी मी चालवत होतो, तो शेजारी. सकाळचं धुकं. मी नेहमीच्या सवयीने थोडा वेगात होतो. अचानक शेजारून आवाज आला, ‘बाबा, उजवं दोन, आवळतं. धीर धरा.’ मी पाय काढला. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा होता.

माझ्या मते गेम चांगले किंवा वाईट नसतात. शेजारची सीट भरलेली आहे की रिकामी, हे महत्त्वाचं. म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमच्याबरोबर एक रॅली स्पर्धा ठेवा. एक पडदा, दोन खुर्च्या. चालवणारा अठराच्या आतला, शेजारी बसून सांगणारा घरातला मोठा माणूस, आणि सांगायचं फक्त मराठीत. माझी वही मी मंडळाला देतो. आमच्या घरातून प्रवेशिका आजच घ्या. फक्त सहचालक म्हणून माझं नाव लिहू नका. आई म्हणते आहे, यंदा तिला बसायचं आहे.

गणपती बाप्पा मोरया!