हीट प्रेसचे यंत्र घेण्यापूर्वी

(डहाणू येथे सभासद व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मी शिवणकाम करणारी बाई आहे. भाषणाची सवय नाही. परंतु आपल्यापैकी चार-पाच मुले आणि दोन बचत गट टी-शर्ट, पिशव्या, कप ह्यांवर चित्रे छापण्याचे यंत्र घेण्याच्या विचारात आहेत असे सचिवांनी सांगितले, आणि ह्या विषयात मी फी भरून शिकलेली आहे, म्हणून उभी राहिले.

फी कशी भरली ते आधी सांगते. गटाचे कर्ज काढून मी यंत्र घेतले. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्यावर सगळं होतं." १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी एका वस्तीतील मुलांनी चाळीस टी-शर्ट सांगितले. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून मी मुद्दाम चांगले सुती घेतले. छापताना रंग जरा फिका वाटला, पण वेळ नव्हता. आठ दिवसांनी एक मुलगा टी-शर्ट हातात घेऊन दारात उभा. "मावशी, पहिल्याच धुण्यात गेलं." चाळीसही टी-शर्टांचे पैसे मी परत केले, आणि कर्जाचे हप्ते त्यानंतर वर्षभर शिलाईतून फेडले. दुकानदार तसा खोटे बोलला नव्हता. यंत्रावर सगळे होते, पण सगळ्या कापडावर सगळे होत नाही, एवढे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

त्याचे कारण समजून घ्या. हीट प्रेस म्हणजे तापमान, दाब आणि वेळ ह्या तीन गोष्टी सांभाळणारी मोठी इस्त्री. रंग कोणता आणि कापड कोणते, हे यंत्राला ठाऊक नसते. सब्लिमेशनची शाई ही कपाटातल्या डांबराच्या गोळीसारखी. गोळी वितळत नाही, तिची थेट वाफ होते. तशी ही शाई सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअसला वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते आणि थंड झाल्यावर आतच अडकते. सुती धाग्यात तिला अडकायला जागा नाही. म्हणून ती वर बसते आणि धुण्यात जाते. सुतीसाठी व्हिनाईल किंवा डीटीएफची फिल्म लागते. तिला साधारण १५० ते १६० अंश आणि दहा-पंधरा सेकंद पुरतात. नेमका आकडा पुरवठादाराच्या पाकिटावर असतो, तोच धरावा.

आता आपल्या भागाची गोष्ट. डहाणू-तलासरीत यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिले चित्र वारलीचेच असते. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाचे पांढरे. आणि नेमके इथेच फसायला होते. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसतेच! गेरूच्या रंगाचा टी-शर्ट आणून त्यावर पांढरा तारपावाला सब्लिमेशनने कधीही उमटणार नाही. दोन वाटा आहेत. पांढऱ्या पॉलिएस्टरवर गेरूचा रंग छापून आकृत्या कोऱ्या सोडाव्यात, किंवा रंगीत कापडावर डीटीएफ लावावे. व्हिनाईल कापून वारलीचे बारीक हातपाय सोलत बसणे मी करून पाहिले आहे. डोळे जातात, आणि निम्म्या माणसांचे पाय फिल्मबरोबर निघून येतात.

वारलीविषयी आणखी एक, विषय थोडा बाजूला जातो पण बोलते. ही चित्रे कोणाची तरी आहेत. गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. पाड्यावर चित्र काढणारी मुले आहेत, त्यांच्याकडून चित्र काढून घ्या, मोबदला द्या, नाव छापा. दुसऱ्याचे चित्र मोबाईलवरून उचलून विकणे मला पटत नाही.

यंत्राच्या प्रकारांत दोन मुख्य. एक जबड्यासारखे उघडते, ते जागा कमी घेते. पण वरचा तापलेला पत्रा हाताच्या डोक्यावर असतो, आणि जाड कापड असले की मागची कड आधी दाबली जाते. दुसऱ्याचा वरचा भाग बाजूला फिरतो. त्याला बाजूस जागा लागते, पण कापड नीट मांडता येते, दाब सपाट पडतो. घरात लहान मुले असतील तर मी दुसरेच घ्या म्हणेन. कप, टोपी, थाळी सगळे जोडून देणारे 'पाच-एक' यंत्र मी घेतले होते, त्यातले टोपीचे जोडकाम मी दोनदा वापरले.

पत्र्याचे माप नीट पाहा. पंधरा बाय पंधरा इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर. ए-थ्री कागद ४२ सेंटिमीटर लांब असतो, तो त्यात मावत नाही. पाठीवर मोठे चित्र हवे असेल तर सोळा बाय वीसचे बघा. पत्रा सगळीकडे सारखा तापतो का, हे तपासायला उपकरण नको. पत्र्याएवढ्या पांढऱ्या पॉलिएस्टरवर एकसारखा करडा रंग दाबून पाहा. जिथे फिका, तिथे थंड.

विजेचे मात्र घरच्या वायरमनला आधी विचारा. असे यंत्र अठराशे वॅटचे धरले तर जवळजवळ आठ अँपिअर ओढते. पंख्याच्या पाच अँपिअरच्या प्लगवर ते लावू नका. सोळा अँपिअरचा सॉकेट आणि खरे अर्थिंग हवे. पाड्यांवर संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला तर अठराशेचे यंत्र सुमारे अकराशे वॅटच देते. टायमर सेकंद पूर्ण मोजतो, कापडाला मात्र उष्णता कमी मिळते, आणि आपण शाईला दोष देतो. मी मोठे काम सकाळीच उरकते. पावसाळ्यात सुती कापड चित्र ठेवण्यापूर्वी चार-पाच सेकंद नुसते दाबून घ्यावे, ओल निघते. कागद डब्यात बंद ठेवावा. समुद्राच्या हवेने माझ्या यंत्राचे स्क्रू गंजले, तेल लावावे लागते.

कर्जासाठी महात्मा फुले महामंडळ, आदिवासी बांधवांसाठी शबरी महामंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र येथे चौकशी करा. मात्र आधी गिऱ्हाईक मोजा. महालक्ष्मीची जत्रा, जयंती, शाळांचे खेळ, लग्नाच्या हळदीचे टी-शर्ट अशी यादी महिन्यांप्रमाणे लिहा. पावसाचे महिने रिकामे दिसतील. हप्ता त्या महिन्यांतही असतो.

आणि पैसे मोजण्यापूर्वी आपले स्वतःचे कापड दुकानात न्या, त्यावर समोर छापून घ्या, घरी पाच वेळा धुवा, मग ठरवा. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान. माझे यंत्र माझ्या घरी मांडलेले आहे. जत्रा संपली की दुपारनंतर केव्हाही या, दाबून पाहा. येताना कापड मात्र आपापले आणा.