कपाटाची किल्ली



मी नेमकं काय करते, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात एक छोटी भाषा बसवतात, म्हणजे वापरणाऱ्याला आपल्या सूचना स्वतः लिहिता येतात. १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली 'लुआ' ही अशीच भाषा. या सूचनांचा हात कुठवर पोचू द्यायचा, हे ठरवणं माझं काम.

आपल्या प्रयोगशाळेत कपाटाला कुलूप असे. टेबलावर त्या दिवशीचंच साहित्य. लुआही रिकाम्या हाताने सुरू होते. फायली उघडणारं 'आयओ' किंवा यंत्रणेला हुकूम देणारं 'ओएस' आपण दिलं तरच तिला मिळतं. आधी सगळं देऊन मग एकेक काढून घेतलं, तर काहीतरी राहून जातं. 'रेडिस' या डेटाबेसच्या डेबियन आवृत्तीत 'पॅकेज' नावाची एकच वस्तू मागे राहिली होती. तेवढ्यावरून स्क्रिप्टला थेट सर्व्हरवर हुकूम चालवता येत होते. २०२२ मध्ये हे उघड झालं.

म्हणून नव्या मुलांना मी सांगते, काय काढायचं याची नको, काय द्यायचं याची यादी करा. आणि तास संपल्याची घंटाही ठेवा. न थांबणारी स्क्रिप्ट सगळा प्रोग्रॅम अडवून बसते.